चौकशी

मराठीत ‘चौकशी’ हा शब्द मोठा सोशिक आहे. आपुलकी, संशय आणि अधिकार या तिन्ही वृत्ती त्याने निमूटपणे वाहिल्या आहेत. आजाऱ्याच्या उशाशी बसून केली जाते तीही चौकशी. सोयरीक जुळविण्यापूर्वी दोन घरे एकमेकांविषयी करतात तीही चौकशी. आणि फौजदार ठाण्यात बोलावून घेऊन करतो तीही चौकशीच. चारी बाजूंनी पाहून घेण्याचा जो भाव ‘चौकस’ या विशेषणात आहे, तोच या नामात उतरला आहे. पाहणाऱ्याची नजर मायेची आहे की पहाऱ्याची, हे शब्दावरून कळत नाही. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला मात्र ते तत्काळ कळते. एखाद्या व्याधीचा समाजातील इतिहास या तीन चौकशांच्या परस्परसंबंधाचा इतिहास म्हणून लिहिता येईल. एच.आय.व्ही. या विषाणूच्या बाबतीत तर तो तसाच लिहावा लागेल.

रायपूरचा ब्राह्मणपारा ही आझाद चौकालगतची जुनी वस्ती. ‘पारा’ हा छत्तीसगढातील मोहल्लावाचक शब्द. संस्कृत ‘पाटक’पासून निघालेल्या मराठी ‘पाड्या’चा तो सख्खा भाऊ. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा ही नावे उच्चारली की जुन्या शहराचा नकाशाच उभा राहतो. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा या प्रांतात उतरल्या. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरी राहून येथला कारभार पाहिला. आणि त्यानंतर कचेऱ्या, न्यायालये, शाळा यांच्या आधाराने मराठी कुटुंबे या भूमीत रुजत गेली. ज्यांच्या घरची भाषा मराठी होती त्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, ही गोष्ट भारतीय भाषांच्या अभ्यासकांना परिचितच आहे. अशा घरांत माजघरात मराठी, ओसरीवर हिंदी आणि दाराशी येणाऱ्या भाजीवालीशी छत्तीसगढी, अशी तिहेरी व्यवस्था सहज नांदते. तिन्ही भाषांत विचारपूस ही चालूच असते. शेजारीण ‘वहिनी, हल्ली फार वाळलात हो’ असे म्हणते, तर भाजीवाली टोपली उतरवता उतरवता ‘बने हस?’ असे विचारते. जुन्या वस्तीत चौकशी हा शेजारधर्म आहे, आणि त्या धर्मावर अनेक म्हातारपणे सुखाने निभावली आहेत.

परंतु याच वस्तीत दुसरी चौकशीही वावरत असते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबाला स्थळे शोधावयाची तर नागपूर, अमरावती, जबलपूर येथील नातलगांना पत्रे जातात आणि त्यांच्याकडून उलट पत्रे येतात. गोत्र, नाडी, मंगळ, शिक्षण, पगार, घरचे कर्ज यांची विचारणा उघड होते. कोड, फेफरे, क्षय, डोक्याचा आजार यांची विचारणा आडून होते. त्यासाठी एखादी आत्याबाई किंवा त्याच गावातला एखादा निवृत्त कारकून पुरेसा असतो. मात्र काही व्याधी अशा असतात की त्यांची विचारणा आडूनही होत नाही. ‘गरमी’ आणि ‘परमा’ हे शब्द मराठी घरांत मोठ्याने उच्चारले गेले नाहीत. ते वैद्याच्या कानाशी लागून सांगितले गेले. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त या वर्गातील एका व्याधीला ‘फिरंगरोग’ असे नाव देऊन तिचे मूळ परकीयांच्या माथी मारले आणि तिच्यावर पाऱ्यापासून सिद्ध केलेला रसकर्पूर सांगितला. म्हणजे व्याधीला आधी परक्याचे नाव द्यावयाचे, मग ती आपल्या घरची नाही असे मानून स्वस्थ बसावयाचे, हा क्रम जुनाच आहे. इंग्रजी अमदानीत १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी सुरू केली. तो कायदा १८८८ साली गेला. तपासणी बाईची झाली. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाला कुणी तपासावयास बोलावले नाही.

एड्स या व्याधीची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली, १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तिचा विषाणू हाती लागला आणि १९८५ साली रक्ताची चाचणी उपलब्ध झाली. भारतात ही व्याधी येणारच नाही, कारण ती स्वैर समाजाची व्याधी आहे, असे त्या काळी जबाबदार माणसेही बोलत होती. फिरंगरोगाचा न्याय नव्याने लावला जात होता. १९८६ साली हा भ्रम मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात फुटला. सेल्लप्पन निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. ते वेल्लोरला नेऊन तपासले गेले, त्यांतील सहा बाधित निघाले आणि अमेरिकेतील फेरतपासणीत त्यावर शिक्कामोर्तब झाले. निर्मलांच्या मार्गदर्शिका होत्या डॉ. सुनीती सॉलोमन. त्या मूळच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या एका महाराष्ट्रीय कुटुंबातील आठ भावंडांमधली एकुलती मुलगी. भारतातील या विषाणूच्या इतिहासाचे पहिले पान अशा रीतीने परमुलखात वाढलेल्या एका मराठी स्त्रीच्या प्रयोगशाळेत उघडले गेले.

हे पान वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटू नये. १८६८ च्या कायद्याप्रमाणेच १९८६ च्या शोधातही आधी तपासल्या गेल्या त्या स्त्रियाच. शोधाच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. पण त्यातून समाजाने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक नव्हता. व्याधी ‘त्या’ बायकांची ठरली. प्रत्यक्षात विषाणूला बाई कोण आणि गृहिणी कोण हे कळत नाही. तो रक्तातून, वीर्यातून, योनिस्रावातून आणि आईच्या दुधातून जातो. असुरक्षित संभोग, दूषित सुई, न तपासलेले रक्त, गर्भावस्था, प्रसूती आणि स्तनपान एवढेच त्याचे मार्ग. एका ताटात जेवल्याने, एका पलंगावर झोपल्याने, आजाऱ्याचे कपडे धुतल्याने किंवा डास चावल्याने तो जात नाही. भारतातील असंख्य स्त्रियांना तो मिळाला तो त्यांच्या स्वतःच्या घरात, एकाच पुरुषाशी केलेल्या संसारातून. सोयरिकीच्या चौकशीत ज्या मुलीची सतरा अंगांनी पारख झाली, तिला विवाहानंतर मिळालेली ही बाधा त्या चौकशीच्या एकांगीपणाचीच फलश्रुती होय. आणि नवरा गेल्यावर सासरच्यांनी ‘हिच्याच पायगुणाने’ असे म्हटले, घरातला तिचा वाटा नाकारला आणि तिला माहेरची वाट दाखविली, ही कहाणी तर जिल्ह्याजिल्ह्यात घडली. याउलट, ज्यांच्याकडे बोट दाखविले गेले त्यांनीच पुढाकार घेतल्याचे उदाहरण सांगलीत आहे. तेथे १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियाच निरोध वाटू लागल्या, एकमेकींना समजावू लागल्या, आणि १९९६ साली त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही आपली संघटना उभी केली.

चाचणी म्हणजे तरी काय? तीही एक चौकशीच; पण ती रक्तापुरती. विषाणूविरुद्ध शरीराने सिद्ध केलेली प्रतिद्रव्ये रक्तात आहेत किंवा नाहीत, एवढेच जुन्या पद्धतीची चाचणी सांगते. बाधा झाल्यानंतर ही प्रतिद्रव्ये दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून धोक्याच्या प्रसंगानंतर लगेच केलेल्या चाचणीचा ‘नाही’ हा निर्वाळा अखेरचा मानता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे असे सांगितले जाते ते यासाठीच. रक्तपेशीला विषाणू कोठून आला हे ठाऊक नसते, आणि चाचणीच्या कागदावर चारित्र्याचा रकाना नसतो. तो रकाना वाचणारा मनाने भरून घेतो. म्हणून चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशकाने माणसाशी बोलावे, त्याची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी, हा दंडक पडला. तो केवळ औपचारिक नव्हे. ‘होय’ असे उत्तर मिळाल्यानंतरचे पहिले वाक्य कोण उच्चारतो आणि कोणत्या स्वरात उच्चारतो, यावर त्या माणसाची पुढची कित्येक वर्षे अवलंबून असतात.

संमती आणि गुप्तता यांची किंमत देशाला फार उशिरा कळली. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसूझा या तरुण रक्तदात्याच्या रक्तात विषाणू आढळला, तेव्हा पोलिसांनी त्याला उचलले आणि राज्याच्या आरोग्य कायद्याच्या आधारे म्हापशातील एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. त्याच्या आईने न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायदा उचलून धरला. डॉमिनिकने पुढे बाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ साली तो गेला. चौकशीचा तिसरा, फौजदारी अर्थ येथे पहिल्या दोहोंना गिळून बसला होता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दुसरी दिशा दाखविली. बाधित असल्यामुळे कामावरून दूर ठेवलेल्या एका मजुराला न्यायालयाने नाव उघड न करता, केवळ अक्षरांच्या आडून दाद मागू दिली, आणि जो माणूस काम करण्यास समर्थ आहे व इतरांना धोका नाही त्याला केवळ या कारणाने काम नाकारता येणार नाही असा निवाडा दिला. माणसाला न्याय मिळावा म्हणून त्याचे नाव झाकावे लागते, हा त्या निकालातील विचार साधा दिसतो. पण नावानेच ओळखल्या जाणाऱ्या आपल्या समाजात तो क्रांतिकारकच होता.

विवाहाचा प्रश्न त्याहून अवघड. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात रुग्णालयाकडून बाधेची बातमी फुटल्याने एका डॉक्टरचे ठरलेले लग्न मोडले होते. न्यायालयाने नियोजित वधूच्या जीविताचा हक्क श्रेष्ठ मानला. परंतु त्यापुढे जाऊन बाधिताचा विवाहाचा हक्कच स्थगित होतो असेही म्हटले. २००२ साली त्याच न्यायालयाने हे विधान अनावश्यक होते असे स्पष्ट केले. २०१७ साली संसदेने याविषयी स्वतंत्र कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. संमतीवाचून चाचणी नाही, संमतीवाचून उच्चार नाही, नोकरी, शिक्षण, उपचार व निवारा यांत भेदभाव नाही, ही त्याची मुख्य सूत्रे. जोडीदाराला सांगण्याचा मार्ग त्याने मोकळा ठेवला, पण तोही समुपदेशनाच्या वाटेने. आणि ती माहिती दिल्यामुळे बाधित स्त्रीला मारहाण होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल तर डॉक्टरने ती देऊ नये, असे बंधन घातले. एकाच्या जाणण्याचा हक्क आणि दुसरीच्या जगण्याचा हक्क यांचा हा तोल आहे. तो प्रत्येक वेळी नीट साधेलच असे नाही. पण तो साधावयाचा असतो हे तरी कायद्याने मान्य केले.

दरम्यान व्याधीचे स्वरूपच पालटले होते. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्र उपचार आला, २००१ साली मुंबईच्या ‘सिप्ला’ने तो वर्षाला ३५० डॉलर इतक्या अल्प किमतीत देऊ करून जगाला चकित केले, आणि १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने तो मोफत द्यावयास आरंभ केला. त्यानंतर नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास झाला. या जोडप्यांत एक बाधित, एक अबाधित होता; आणि अभ्यासाच्या केंद्रांत पुणे व चेन्नई ही दोन्ही शहरे होती. ज्यांनी लवकर औषध सुरू केले त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, असे २०११ साली जाहीर झाले. पुढील अभ्यासांनी त्याहून निःसंदिग्ध उत्तर दिले: नियमित औषधाने ज्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. आईकडून मुलाला जाणारी बाधा उपचाराअभावी शंभरांत १५ ते ४५ मुलांना गाठते. उपचार मिळाल्यास हे प्रमाण पाचांच्याही खाली आणता येते. २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख माणसे या विषाणूसह जगत होती. मरणाची वाट पाहणारी माणसे म्हणून त्यांचा विचार करणे आता अज्ञानाचे लक्षण ठरेल. ती गोळी घेतात, कामाला जातात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांना घर मांडावयाचे असते.

हे घर मांडण्याचे काम सुनीती सॉलोमन यांनी मनावर घेतले होते. १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने चेन्नईत उपचार व संशोधनाचे केंद्र काढले. तेथे येणाऱ्या तरुण रुग्णांची लग्ने जुळविण्याचा उद्योग त्या आपल्या कामाचाच भाग मानीत. पत्रिका जुळविण्याच्या देशात त्यांनी रक्तातील विषाणूंची आणि पेशींची मोजणी जुळविली. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. स्वभाव, मिळकत, घरच्यांचे म्हणणे, हेही त्या विचारीत. सोयरिकीची जी चौकशी बाधितांना बाहेर काढण्यासाठी वापरली जात होती, तीच त्यांनी बाधितांना आत घेण्यासाठी वापरली. २८ जुलै २०१५ रोजी त्या निवर्तल्या. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. विषाणूच्या शोधाचे श्रेय त्यांना इतिहास देईलच. परंतु रुग्णाच्या आईने करावी ती खटपट डॉक्टरने केली, हे श्रेय त्याहून थोडेही कमी नाही.

इतके सारे घडून गेल्यावर, कायदा अमलात येऊन सात वर्षे लोटल्यावर, २०२५ च्या ऑक्टोबरात खुद्द रायपुरात काय घडले? एका सरकारी रुग्णालयात नवजात बालकाजवळ एक फलक लावला गेला. त्या बालकाची आई एच.आय.व्ही. बाधित आहे, असे त्यावर लिहिले होते. बाप मुलाला पाहावयास आला तो तो फलक वाचून कोसळला. वृत्तपत्रातील बातमी वाचून छत्तीसगढ उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, हे कृत्य माणुसकीला सोडून आणि कायद्याच्या विरुद्ध आहे असे सुनावले, आणि त्या मातापित्यांना दोन लाख रुपये भरपाई देण्यास राज्याला सांगितले. फलक लिहिणाऱ्या हाताचा हेतू दुष्ट असेलच असे नाही. कदाचित सहकाऱ्यांनी सावध असावे एवढाच तो असेल. परंतु रुग्णालयात प्रत्येक रुग्णाच्या रक्ताबाबत सारखीच सावधगिरी पाळावयाची असते; ती पाळली की फलकाची गरजच उरत नाही. ज्याला अजून स्वतःचे नाव मिळालेले नव्हते, त्या बालकाची जगाला झालेली पहिली ओळख त्याच्या आईच्या व्याधीने करून दिली गेली, ही त्यातील खरी क्रूरता. बारशाच्या आधी त्याचे बारसे झाले होते.

आता ब्राह्मणपाऱ्यातच एक घर कल्पनेने उभे करावे. घरची सून तरुणपणी विधवा झालेली. नवऱ्याकडून आलेला विषाणू तिच्या रक्तात आहे आणि औषधाने निद्रिस्त आहे. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून ती परगावच्या केंद्रात नाव नोंदवून महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणते, आणि घरी येताच त्या शक्तिवर्धक गोळ्यांच्या जुन्या बाटलीत भरून ठेवते. सासूला ठाऊक आहे. ती बोलत नाही, पण रात्री नऊ वाजले की पाण्याचा पेला सुनेपुढे सरकवते. धाकट्या नणंदेचे लग्न ठरावयाचे आहे. नागपूरची मंडळी येऊन गेली आहेत, आणि आत्याबाईंनी विचारले आहे, ‘थोरल्याला नेमके काय झाले होते हो?’ सासूने काय सांगावे? नणंदेच्या रक्ताशी वहिनीच्या रक्ताचा काडीचा संबंध नाही. तेव्हा त्या मंडळींना हे जाणण्याचा हक्कही नाही. ‘काविळीने गेला’ असे सासू म्हणाली, तर त्या असत्याचे पाप तिच्यापेक्षा विचारणाऱ्याच्या पदरी अधिक पडते. पण उद्या त्या सुनेलाच कुणी मागणी घातली तर मात्र प्रश्न बदलतो. जो तिच्याशी संसार करू पाहतो त्याला ते कळलेच पाहिजे. तिच्याच तोंडून, लग्नापूर्वी, एकांतात. औषधामुळे त्याला धोका उरला नसला तरीही. कारण संसार सुरक्षिततेवर उभा राहतो त्याहून अधिक विश्वासावर उभा राहतो. हे सांगितल्यावर तो निघून गेला, तर तो त्याचा हक्क. पण जिन्याखाली उभे राहून त्याने ते दुसऱ्या कुणाला सांगितले, तर तो त्याचा गुन्हा.

म्हणजे जाणण्याचा हक्क नात्याच्या जवळिकीने मिळतो, शेजाराच्या जवळिकीने नव्हे. जोडीदार, उपचार करणारा वैद्य आणि स्वतः बाधित, एवढ्या वर्तुळाबाहेर ती गोष्ट गेली की ती माहिती राहत नाही, तिची अफवा होते. पाऱ्यातल्या माणसांचे काम निराळे आहे, आणि ते काही हलके नाही. वाळलेल्या वहिनीला कारण न विचारता वाटीभर सांजा नेऊन देता येतो. तिच्या हातचे पाणी न कचरता पिता येते. तिच्या मुलाला आपल्या मुलांच्या पंगतीत बसविता येते. छत्तीसगढीतल्या त्या ‘बने हस?’ला नुसते ‘बने हँव’ एवढे उत्तर मिळाले, तरी भाजीवाली समाधानाने टोपली उचलून पुढे जाते. त्या उत्तरापलीकडचे तिला ठाऊक नसते, आणि ते जाणून घेण्यासाठी ती दारात ताटकळतही नाही. चौकशीचा मूळ अर्थ एवढाच असावा.